फॅन्युएलची जबानी

माझा थोरला भाऊ फॅन्युएल जन्मात कधी स्वस्थ बसला नाही. रेल्वेत होता तेव्हा खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून मुतारेच्या बाजूचे रूळ तपासत पायी हिंडायचा. नोकरी संपली, हातोडा सरकारजमा झाला, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही. जेवता जेवता उठून कुंपणाची तार ताणून येईल. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाहेर जाऊन लोकांच्या सायकली सावलीत लावील. आमची मेव्हिस वहिनी म्हणते, "ह्यांच्याशी भांडायचं तर मागे मागे पळत भांडावं लागतं."

त्याला दुसरी खोड म्हणजे घरातल्या सगळ्यांचा बाप होण्याची. आमचा बाप लवकर गेला. माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्याकडून घ्यायचं देज ठरवायला चटईवर बसला तो फॅन्युएल, आणि बापाला शोभेल अशी अडवणूकही त्यानेच केली. पुढे माझा नवरा जोहान्सबर्गला गेला आणि परत यायचं विसरला. माझ्या पोराने शाळेत खिडकी फोडली, हेडमास्तर म्हणाले बापाला घेऊन ये, तर फॅन्युएल टाय लावून हजर. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझ्या पोराचा तो मामा, आणि बापाचा भाऊ तर बापच, थोरला असेल तर थोरले बाबा, धाकटा असेल तर धाकटे बाबा. आमच्या म्होफू देवकाच्या माणसांत तर हे कुणी शिकवावंही लागत नाही.

मी विनेट, त्याच्या पाठची. मुतारेतल्या साकुब्वाच्या बाजारात जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडून विकते. आमच्या देवकाच्या बायकांना चिहेरा म्हणतात, आणि चिहेराच्या तोंडी लागू नये असं सगळा देश म्हणतो. ते खरंच आहे. मी हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी दचकायला नको.

आमचा शेंडेफळ भाऊ तेंदेकाई. तो तरुणपणीच इंग्लंडला गेला. लेस्टर गावात म्हाताऱ्या माणसांना न्हाऊमाखू घालायचं काम करता करता तिथला नागरिक झाला. मग लग्नाला घरी आला. मुलगी रातिद्झो, चांगल्या घरची, हसरी. देज झालं, चर्च झालं, जेवणं झाली, आणि रजा संपली म्हणून तो परत गेला. रातिद्झो इथंच राहिली, आणि तिचं बाळ, मुफारो, इथंच मुतारेच्या सरकारी दवाखान्यात जन्मलं.

जन्माची नोंद करायला गेलो तेव्हा मीही होते. रातिद्झोच्या पाठीला बाळ बांधलेलं, फॅन्युएल बाकावरून उठतोय, बसतोय. खिडकीतला कारकून म्हणाला, "बापाला आणा. बाप नसेल तर मुलीला आईच्या माहेरचं नाव लागेल."

रातिद्झोने मान खाली घातली. नवऱ्याचं घर जिवंत असताना पोर माहेरच्या नावावर जायची, म्हणजे बिनबापाचीच की ती!

फॅन्युएल दोन ढांगांत खिडकीपाशी. "बाप नाही कसा? हा काय बाप इथं उभा आहे!" म्हणाला आणि आपलं ओळखपत्र पुढे सरकवलं. फॅन्युएल मुतिझ्वा. आडनाव जुळलं, देवक जुळलं. रातिद्झोने सही केली, कारकुनाने शिक्का मारला. कुणी खोटं बोललं का? मला तरी नाही वाटत. त्याने विचारलं बाप कोण, आणि जो होता तो पुढे झाला. घरी येऊन आम्ही कोंबडी कापली.

तेंदेकाईलाही सांगितलं फोनवर. "दादा होता म्हणून बरं," असं हाच पठ्ठ्या म्हणाला होता तेव्हा. आता त्याला आठवत नाही.

मुफारो सात वर्षांची झाली तेव्हा रातिद्झोला नवऱ्याकडे जायचा व्हिसा मिळाला. तेंदेकाई म्हणाला, "मुलीला व्हिसा कशाला? बाप ब्रिटिश, म्हणजे ती जन्मतःच ब्रिटिश. तिचा तर पासपोर्टच येईल. तू पुढे हो, ती मागोमाग येईल." रातिद्झो पुढे झाली. मुफारो थोरल्या बाबांकडे राहिली. तिची पेटी भरून दाराशी ठेवली होती, आणि ही बया शाळेतून आली की नवे बूट चढवून पेटीवर जाऊन बसायची. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही ना!

पासपोर्टाऐवजी तेंदेकाईचा फोन आला. मी दुकानात होते, फॅन्युएल माझ्यासाठी गठ्ठ्याची दोरी कापत होता, आणि माझ्या फोनचा कान गेलेला असल्यामुळे तो स्पीकरवरच, सगळं बोलणं चव्हाट्यावर.

"ताई, दादाने काय करून ठेवलंय हे?"

"काय केलं?"

"माझ्या पोरीच्या दाखल्यावर बाप म्हणून स्वतःचं नाव घातलंय! इथले लोक विचारतायत, ही मुलगी तुमची कशावरून? तुमच्या बायकोनेच सही करून दुसरा बाप सांगितलाय."

"दुसरा कुठला? फॅन्युएलच तो."

"तेच तर सांगतोय मी!"

"मग बोंबलतोस कशाला? पोरीला बाप होता म्हणून लिहिला. तू होतास का तिथं?"

"ताई, इथं असं नाही चालत. इथं माणसाला बाप एकच असतो."

"गरीब बिचारे," मी म्हटलं.

तो हसला नाही. आवाज बारीक करून म्हणाला, "रागावू नकोस. मी म्हणतोय, डीएनए करून घेऊ. माझी आणि मुफारोची."

माझ्या हातातला कोट खाली पडला. "काय करून घेऊ? रातिद्झो तुझ्या शेजारीच बसली असेल ना? तिच्याकडे बघून बोल हे! आणि तुझा भाऊ इथं माझ्यासमोर उभा आहे, त्यालाही ऐकव!"

"ताई, कागदासाठी म्हणतोय. फक्त कागदासाठी."

मी वर पाहिलं तर फॅन्युएल नव्हता. चाकू गठ्ठ्यावर तसाच. बटाटे विकणारी म्हणाली, तो डोंगराच्या रस्त्याला लागलाय. संध्याकाळी आला तो गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखून. आल्या आल्या चाकू उचलून उरलेली दोरी कापून दिली.

तपासणी झाली. हरारेला नेऊन मुफारोच्या गालाच्या आतून कापूस फिरवला, तिकडे तेंदेकाईच्या. पोर त्याचीच निघाली. निघणारच होती, हातच्या काकणाला आरसा कशाला? पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. इंग्लंडवाले म्हणाले, आधी तुमच्या देशातला दाखला दुरुस्त करून आणा. कोर्टातल्या बाईने सांगितलं, दुरुस्त होईल, पण ज्याचं नाव बाप म्हणून लागलंय त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायला हवं, की मी या मुलीचा बाप नाही.

फॅन्युएल तिथंच उठला. "हे मी बोलणार नाही."

"दादा, दोन शब्द आहेत," मी म्हटलं.

"हे दोन शब्द कोण बोलतं, चिहेरा? तू सांग. एखादी पोटुशी पोर फाटकाशी येऊन उभी राहते, आणि आतला माणूस म्हणतो, हे माझं नाही. तो बोलतो हे! मी पाहिलेत असले लोक. त्यांच्या अंगणात गवतसुद्धा धड उगवत नाही. आणि पोराला लागतं ते. पोर आजारी पडतं."

"अरे, पण इथं कुणी फाटकाशी उभं नाही. आई तिकडे रडतेय."

"ती माझ्या घरात जेवते, माझ्या हाताला धरून शाळेत जाते, आणि मी देवाच्या पुस्तकावर हात ठेवून म्हणू, ही माझी नाही?"

 मी नेहमीसारखा आरडाओरडा केला. तो चालायला निघून गेला.

मग सुरू झाली सगळ्यांचीच तगमग. रातिद्झो दर रविवारी रडायची. तेंदेकाई मला म्हणायचा दादाला समजाव, वहिनी मला म्हणायची यांना छळू नकोस, आणि मी येणाऱ्या गिऱ्हाइकावर उखडायची. फॅन्युएलचं तर विचारू नका. घराचं छप्पर उतरवून पुन्हा चढवलं. दुसऱ्याचा मका खुडून दिला. पाहावं तेव्हा कुठल्या ना कुठल्या रस्त्याला, आणि त्याच्या मागे मुफारो, नवे बूट घालून, कारण तिला वाटे थोरले बाबा इतके चालतात ते तिला पोचवायलाच.

हे असं वर्षभर चाललं असतं. थांबलं ते मुफारोमुळे. एका रविवारी आईचा फोन आला. पडद्यावर रातिद्झो, मागे पावसाळी खिडकी. वहिनीने फोन पुढे केला तर पोरीने तोंड फिरवलं.

"मुफारो, आईशी बोल," वहिनी म्हणाली.

"ती फोनातली आहे," मुफारो म्हणाली. "ती काही येत नाही. ती नुसती रडते." आणि साद्झ्याचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, घास मोडून भाजीत बुडवत बसली.

फॅन्युएल दारात उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. पोरीला दोन बाप असले तर त्याला चाललं असतं, दहा आया असल्या तरी चाललं असतं, पण त्याच्या घरात राहून तिची एक आई कमी होत होती. ते त्याला सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात आला. "तपकीर घे. बुहेराला जायचंय."

बुहेराला आमचं मूळ गाव, आई-बापाच्या कबरी तिथं. अशा कामाला घरची आत्या लागते म्हणून मी. तो कबरीपाशी उकिडवा बसला, मी टाळ्या वाजवून वडीलधाऱ्यांना जागं केलं, त्याने त्यांच्या नावाने जमिनीवर तपकीर टाकली.

"म्होफू," देवकाच्या नावाने हाक मारून तो बापाला म्हणाला, "मी कोर्टात एक गोष्ट बोलणार आहे. तेंदेकाईच्या पोरीबद्दल. ती कागदासाठी आहे. तुम्ही ती ऐकू नका. पोरीला लागू देऊ नका. लागायचीच असली तर मला लागू दे."

"ऐकू नका म्हणतोस आणि सगळं सांगूनही मोकळा होतोस," मी पुटपुटले.

"तू गप गं," तो म्हणाला. पण हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणून एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. केस घट्ट बांधलेले, डोळे दमलेले. फॅन्युएलने टाय लावला होता, तोच, हेडमास्तरांवाला. तोंड उघडण्याआधी त्याने विनंती केली, "मुलीला बाहेर पाठवा, मॅडम." बाईंनी मान हलवली. वहिनी मुफारोला घेऊन व्हरांड्यात गेली. पुस्तकावर हात ठेवून त्याची शपथ झाली.

"तुमचं नाव दाखल्यावर बाप म्हणून आहे. तुम्ही या मुलीचे बाप आहात का?"

"मॅडम, मी थोरला बाप."

"मी तुम्हाला विचारते, बाप आहात का?"

"तिचा जन्म माझ्या भावापासून झाला. मी थोरला."

"काका," बाई सरळ झाल्या, "मला कळतंय. माझ्या घरीही असंच आहे. माझं शिक्षण माझ्या थोरल्या बाबांनी केलं. पण मी लिहीन ते वाचणारा माणूस समुद्रापलीकडे बसलाय. त्याला थोरला-धाकटा कळत नाही. तुम्ही हो किंवा नाही एवढंच बोलायचं, आणि मी तेवढंच लिहायचं."

फॅन्युएलचा हात पुस्तकावर होता. पाय जागच्या जागी हलत होते. मला वाटलं, आता हा निघणार, दारातून थेट डोंगराकडे. मी बाकाची कड घट्ट धरली.

"मी," तो म्हणाला, "मी मुफारो मुतिझ्वाचा बाप नाही."

"मोठ्याने बोला. नोंद व्हायला हवी."

तो पुन्हा बोलला. मोठ्याने. बाहेरच्या झाडावरची कबुतरंसुद्धा उडाली असतील इतक्या मोठ्याने. मग बाहेर येऊन नळावर त्याने खळखळून चूळ भरली, एकदा, दोनदा, थांबेचना. मुफारो जवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, मलाही तहान लागलीय." त्याने ओंजळ धरली, ती प्यायली.

नवा दाखला निघाला. कागद इंग्लंडला गेले, आणि या वेळी पासपोर्ट आला. मुफारोने तो उशीखाली ठेवायला मागितला, वहिनीने कपाटात ठेवला. लेस्टरच्या चर्चमधली एक ओळखीची बाई, मिसेस ग्वातिद्झो, सुट्टीला आली होती. ती परत जाताना पोरीला नेणार असं ठरलं.

आणि मग तेंदेकाईचा शेवटचा फोन. "ताई, दादाला सांग, मुफारोला शिकवून ठेवा. विमानतळावर विचारतात. तुझे बाबा कुठे आहेत, सोडायला कोण आलंय. तिने सांगितलं की बाबा मुतारेला आहेत, तर संपलं. पुन्हा पहिल्यापासून चौकशी. बाबा लेस्टरला. सोडायला आले ते अंकल. तिकडे अंकल म्हणतात, सगळ्यांना तेवढंच कळतं."

हे मी फॅन्युएलला सांगितलं तेव्हा मला तेंदेकाईला चार शिव्या द्याव्याशा वाटल्या. फॅन्युएल म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. आता शेवटाला घोळ नको." आणि शिकवायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

शाळेच्या रस्त्याने शिकवायचा. मी बाजाराला निघालेली असले की मागून ऐकू यायचं.

"तुझे बाबा कुठे असतात?"

"लेस्टरला."

"शाब्बास. आणि मी कोण?"

"थोरले बाबा."

"चूक. पुन्हा. मी कोण?"

"बाबा."

"चूक, चिहेरा. नीट आठव."

"अंकल."

"हां. आता पुलापर्यंत अंकलच म्हण."

पुलापर्यंत ती अंकल म्हणायची, पूल ओलांडला की धावत सुटायची आणि ओरडायची, "बाबा, पकडा!" तो पकडायचा नाही. "अंकल म्हण, मग पकडतो," म्हणायचा. पोरीला वाटायचं खेळच आहे. मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे दादा, एवढं कशाला घोटून घेतोस? लहान आहे ती." तर माझ्यावर खेकसला, "लहान आहे म्हणूनच चुकेल! चुकली तर पुन्हा पेटीवर बसेल. बसवायचंय तुला?" तो मला असा कधी बोलत नाही.

हरारेच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो. वहिनीने भाजलेले शेंगदाणे बांधून दिले होते, ते मिसेस ग्वातिद्झोने पिशवीत कोंबले. आत जायच्या दाराशी एक अधिकारीण कागद बघत होती. चांगली होती बिचारी, पोरांशी हसून बोलत होती. तिने पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, मुफारोकडे पाहिलं. मुफारोचा हात फॅन्युएलच्या हातात होता.

"अरे वा, निघालीस? आणि हे कोण? बाबा सोडायला आले वाटतं?"

मुफारोने मान वर करून फॅन्युएलकडे पाहिलं. तो समोर बघत राहिला, एक रेष हलली नाही चेहऱ्यावरची.

"नाही," मुफारो खणखणीत म्हणाली. "हे माझे अंकल. माझे बाबा लेस्टरला असतात."

"हुशार आहेस गं," अधिकारीण म्हणाली आणि कागद परत केले.

पोरीने वळून पाहिलं, धडा बरोबर म्हटला की नाही ते बघायला. फॅन्युएलने मान डोलावली. "शाब्बास," म्हणाला, आणि तिचा हात सोडून तो मिसेस ग्वातिद्झोच्या हातात दिला. पोर खूश होऊन आत गेली. बूट टकटक वाजत होते. काचेपलीकडून तिने एकदा हात हलवला, मग पेटी ओढणाऱ्या लोकांत दिसेनाशी झाली.

वहिनी रडत होती, मी तिला धरलं होतं. फॅन्युएल काचेच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"विनेट, नीट म्हणाली ना गं ती?"

"नीट म्हणाली."

"अडखळली नाही ना?"

"नाही दादा. जराही नाही."

"मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर चुकली असती," तो म्हणाला. आणि भर विमानतळावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, सगळ्या घराण्याचा बाप असलेला माझा भाऊ माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मी चिहेरा, माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, पण तेव्हा मी नुसती त्याची पाठ थोपटत उभी राहिले.